दोनशे पोस्ट पुसण्याआधी

ताई, सप्रेम नमस्कार.

कुंडीतली झाडं हा माझा छंद. २०१३पासून त्यावर ब्लॉग लिहितोय. आजवर ३१० पोस्ट झाल्या. सुरुवातीला हौसेच्या भरात जवळजवळ रोज काहीतरी टाकायचो, त्यामुळे निम्म्याहून जास्त पोस्ट दोन-तीन परिच्छेदांच्याच आहेत. गेल्या दीड वर्षात गूगलवरून येणारे वाचक निम्म्यावर आले. एसईओचं, म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर आणण्याचं काम करणारा एक मित्र म्हणतो, "वर्षभरात ज्यांना दहा क्लिकही मिळाल्या नाहीत त्या सगळ्या पोस्ट उडव, उरलेल्या आपोआप वर येतील." अशा १९० निघाल्या. बायको म्हणते, इतकी मेहनत पुसायची कशाला, एकेक पोस्ट सुधारून मोठी कर. नोकरी सांभाळून १९० पोस्ट कधी लिहून होणार? यादी सोबत जोडली आहे. काय करू?

— एक ब्लॉगलेखक

नमस्कार.

तुमची यादी पाहिली आणि तिच्यातल्या बऱ्याच पोस्ट वाचल्याही. आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. त्या १९० सरसकट उडवू नका, सरसकट वाढवतही बसू नका. आणि सुरुवात त्या १९०पासून करूच नका. सुरुवात करायची आहे ती तुमच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पोस्टपासून.

साधा हिशेब करून बघा. ज्या पोस्टना वर्षभरात दहा क्लिकही मिळत नाहीत, त्यांच्यातल्या बहुतेकांना आधीही फारसे वाचक नव्हते. मग निम्मे वाचक गेले ते कुठून? अर्थातच उरलेल्या १२०मधून, आणि बहुधा त्यातल्याही मोजक्या पंधरा-वीस पोस्टमधून. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या साधनात जा, परफॉर्मन्सच्या अहवालात गेले तीन महिने आणि गेल्या वर्षीचे तेच तीन महिने यांची तुलना करा, आणि पानांची यादी क्लिकच्या फरकानुसार लावा. झाडांच्या विषयात हंगामाचा फरक मोठा असतो, म्हणून तेच महिने घ्यायचे. तिथे १६ महिन्यांचीच माहिती मिळते, त्यामागची दिसत नाही. त्यामुळे आजच ती उतरवून एखाद्या शीटमध्ये जपून ठेवा.

वाचक घटलेल्या प्रत्येक पानापुढे दोन गोष्टी पाहा. ते पान शोधात दिसतं आहे पण त्यावर क्लिक होत नाही, की ते दिसेनासंच झालं आहे? इम्प्रेशन (पान शोधात किती वेळा दिसलं तो आकडा) तेवढेच आणि स्थानही तेच, पण क्लिक मात्र कमी, असं असेल तर लोकांना उत्तर शोधाच्या पानावरच मिळत असण्याची शक्यता मोठी. तिथे जुन्या पोस्ट पुसून काही हाती लागणार नाही. स्थानच घसरलं असेल तर त्या शब्दांवर आता वर कोण आहे ते उघडून वाचा. त्यांनी असं काय सांगितलंय जे तुम्ही सांगितलं नाही? त्या उत्तरातच तुमचं काम दडलेलं असतं.

तुमच्या मित्राचा सल्ला अगदीच हवेतला नाही, हेही सांगायला हवं. गूगलने फेब्रुवारी २०११मध्ये 'पांडा' नावाचा बदल आणला, तेव्हापासून एखाद्या साइटवरच्या उथळ पानांचा भार तिच्या चांगल्या पानांवरही पडू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक झालं. ऑगस्ट २०२२मध्ये 'हेल्पफुल कंटेंट' नावाची यंत्रणा आली, तेव्हा गूगलने स्वतःच म्हटलं होतं की निरुपयोगी मजकूर काढल्याने बाकीच्या पानांना मदत होऊ शकते. मार्च २०२४मध्ये ती यंत्रणा मुख्य क्रमवारीतच मिसळली गेली. हे सगळं खरं आहे. पण या सगळ्यात बोट ठेवलं आहे ते निरुपयोगी पानांवर. क्लिक कमी आहेत म्हणजे पान निरुपयोगी, ही जोड तुमच्या मित्राने स्वतः लावलेली आहे.

ऑगस्ट २०२३मध्ये सीनेट या मोठ्या तंत्रज्ञानविषयक साइटने शोधात वर येण्यासाठी आपले हजारो जुने लेख काढल्याची बातमी आली होती. त्याच सुमारास गूगलच्या प्रतिनिधीने जाहीरपणे लिहिलं की गूगलला जुना मजकूर आवडत नाही, अशा समजुतीने तुम्ही तो काढत असाल तर तसं काहीही नसतं. लेखकांनी स्वतःला विचारावेत असे जे प्रश्न गूगलने दिले आहेत, त्यातही हा आहे: साइट ताजी दिसावी म्हणून तुम्ही जुना मजकूर काढत आहात का? त्यापुढेच उत्तरही दिलं आहे की त्याने काही होणार नाही.

क्लिकचे आकडे तुम्हाला कुठे पाहायचं ते सांगतात. तिथे पोहोचल्यावर काय करायचं हे पोस्ट वाचूनच ठरतं. तुमच्याच तीन-चार पोस्ट घेऊन सांगते.

'कुंडी भरायची योग्य पद्धत' ही तुमची सर्वाधिक वाचली जाणारी पोस्ट. एसईओच्या नजरेतून ती धडधाकट आहे, तिला कोणी हात लावायला सांगणार नाही. तिच्यात तुम्ही लिहिलंय की पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी दोन बोटं खडीचा थर द्यावा आणि वर माती भरावी. ही समजूत फार जुनी आणि सर्वत्र पसरलेली आहे, पण ती चुकीची आहे. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजी उतरत नाही. माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय ते खाली जातच नाही. म्हणजे ओल धरून बसणारा पट्टा तळाशी राहण्याऐवजी खडीच्या वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. वर मुळांना मिळणारी माती दोन बोटांनी कमी होते ते वेगळंच. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर खापराचा एखादा तुकडा किंवा जाळी ठेवणं वेगळं, आणि थर देणं वेगळं.

आता विचार करा. तुमच्या ब्लॉगवर नुकसान करणारी पोस्ट कुठली? कोणीच न वाचणाऱ्या १९०पैकी एखादी, की ही, जी दर महिन्याला शेकडो लोक वाचतात आणि त्याप्रमाणे कुंड्या भरतात? माझ्या मते कमकुवत लेखनाची पहिली खूण म्हणजे त्यातला सल्ला ऐकल्यावर वाचकाचं काय होतं ही आहे. म्हणून पहिलं काम हे. पत्ता तोच ठेवा, तो परिच्छेद नव्याने लिहा, आणि आधी इथे खडीचा थर सुचवला होता, तो सल्ला का बदलला, हे दोन ओळींत सरळ सांगा. जुने वाचक परत येतील तेव्हा त्यांना कळायला हवं की मत बदललं आहे. तारीखही अशाच वेळी बदलायची. एक शब्द इकडचा तिकडे करून वर आजची तारीख चिकटवण्याची युक्ती तुमच्या मित्राने सुचवली तर ऐकू नका. वाचकाला ती फसवणूकच वाटते, आणि गूगलच्या त्याच प्रश्नावलीत तिचाही उल्लेख आहे.

असंच, पण अजून तातडीचं एक. मनी प्लांटच्या पोस्टमध्ये 'घरात कुठेही ठेवा, कुणालाही त्रास नाही' असं वाक्य आहे. मनी प्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात. मांजराने किंवा कुत्र्याने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होऊ शकतात. हे वाक्य आज रात्रीच बदला. त्याला कुठलीही आकडेवारी पाहायची गरज नाही.

आता पिवळ्या पानांकडे येऊ. या एका विषयावर तुमच्या चार पोस्ट आहेत. २०१४ची जास्त पाण्याबद्दल, २०१५ची खताबद्दल, २०१७ची लोहाच्या कमतरतेबद्दल, आणि २०१९ची, जिच्यात आधीच्या तिन्हींचं थोडं थोडं आहे. चारही १९०च्या यादीत आहेत. एकेकटी वाचली तर प्रत्येक अपुरी आहे. ज्याच्या झाडाची पानं पिवळी पडली आहेत त्याला कारण माहीत नसतं, म्हणूनच तो शोधतो. त्याला खताची पोस्ट मिळाली तर तो खत घालून येतो, आणि त्याच्या झाडाची मुळं पाण्याने कुजत असतील तर झाडाची अवस्था आणखी बिघडते.

या चारही मिळून मात्र एक उत्तम पोस्ट तयार होते, कारण लागणारं सगळं ज्ञान तुमच्याकडे आहेच. आधी बोटाने माती तपासायला सांगा. ओली आणि कुबट वास येणारी असेल तर मुळं पाहायची. माती ठीक असेल तर पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते पाहायचं: खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर नत्र कमी पडत असेल किंवा पान नुसतं म्हातारं झालं असेल, वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाकडे संशय जातो. वाचकाच्या हातात झाड आहे आणि तो तुमचं वाचत एकेक गोष्ट पडताळतो आहे, अशी ती पोस्ट हवी. असं उत्तर चार तुकड्यांत कधीच देता आलं नसतं.

एकत्र करताना पत्ता कुठला ठेवायचा? चौघींपैकी जिला बाहेरच्या साइटवरून जास्त लिंक आहेत तिचा. ते सर्च कन्सोलच्या लिंकच्या अहवालात दिसतं. लिंक कुणालाच नसतील तर जिला जास्त क्लिक आहेत तिचा. बाकी तिघींवरून तिच्याकडे ३०१ रिडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पत्त्यावर जाईल. निदान वर्षभर ते ठेवावं असं गूगल सांगतं. मी म्हणेन काढूच नका, त्याला काही खर्च येत नाही. नंतर तुमच्या इतर पोस्टमधले जुने दुवेही नव्या पत्त्यावर वळवा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात.

एक चूक मात्र हमखास होते, ती सांगून ठेवते. काढलेल्या सगळ्या पोस्ट मुखपृष्ठाकडे वळवायच्या, म्हणजे काही वाया जाणार नाही, असं पुष्कळ जण करतात. वाचकाला हवी असते एका झाडाची माहिती आणि तो येऊन पडतो मुखपृष्ठावर. गूगलही अशा वळवण्याला पान सापडलं नाही असंच धरतं. जिथे खरोखर जवळचा पर्याय आहे तिथेच रिडायरेक्ट. पर्याय नसेल तर पान सरळ काढा आणि ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा संदेश, दिसू द्या. ४०४ की ४१० ('पान कायमचं काढलं आहे') यावर लोक तासन् तास वाद घालतात. तुमच्या कामापुरता त्यात फरक नाही.

काढायच्या अशा पोस्ट तुमच्या यादीत आहेतच. 'पुढचा आठवडा सुट्टी' अशा सूचना, संपलेल्या स्पर्धेची घोषणा, जिच्यातला व्हिडिओ कधीच नाहीसा झालाय आणि ज्याच्याभोवती एकच ओळ उरली आहे अशा पोस्ट, आता मिळतही नसलेल्या फवारणी पंपाची ओळख. यांच्यापाशी थबकू नका. आणि दोन पोस्ट वाचताना मला वाटलं की तो मजकूर दुसरीकडून उचललेला आहे, भाषा तुमची नाही. तसं असेल तर त्या सुधारायच्या भानगडीत पडू नका. काढाच.

ऑर्किडची पोस्टही १९०च्या यादीत आहे. 'ऑर्किडची मुळं चंदेरी का दिसतात', वर्षाला सात क्लिक. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं, कोरडं असताना ते चंदेरी दिसतं आणि भिजलं की आतला हिरवा रंग दिसू लागतो, म्हणून पाणी द्यायची वेळ मुळांच्या रंगावरून ओळखावी, एवढंच तुम्ही तीन परिच्छेदांत लिहिलंय. सोबत एकाच मुळाची पाणी देण्याआधीची आणि नंतरची अशी दोन छायाचित्रं. ही पोस्ट नेमकी आहे, बरोबर आहे आणि छायाचित्रं तुमची स्वतःची आहेत. मराठीत हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं पान मी शोधलं, मला मिळालं नाही. वर्षाला सातच माणसं हा प्रश्न घेऊन येत असतील तर सातच क्लिक होणार. त्या सातही जणांना उत्तर मिळालं! तिला अजिबात हात लावू नका, आणि कृपा करून ती 'मोठी' तर मुळीच करू नका.

इथे तुमच्या पत्नीच्या म्हणण्याबद्दल. मेहनत पुसू नये, ही भावना मला पटते. पण मोठी करणं म्हणजे सुधारणं नव्हे. शोधात वर यायला अमुक इतके शब्द लागतात, असा कुठलाही नियम नाही. गूगलने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. ऑर्किडच्या पोस्टला वर 'ऑर्किड म्हणजे काय' आणि खाली 'ऑर्किडचे फायदे' जोडले तर तीन परिच्छेदांतलं उत्तर शोधायला वाचकाला दहा परिच्छेद चाळावे लागतील. आज कमकुवत म्हणून जे लेखन ओळखलं जातं, त्यातलं कितीतरी असंच फुगवून कमकुवत झालेलं आहे.

मेहनत जपायची तर तिची प्रत जपा. काहीही काढण्याआधी अख्खा ब्लॉग एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा, छायाचित्रं वेगळी उतरवून घ्या. वर्डप्रेसवर असाल तर लक्षात घ्या, कचऱ्यात टाकलेली पोस्ट ३० दिवसांनी कायमची जाते. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पान जतन करून ठेवता येतं, तेही करा. प्यू रिसर्च सेंटरने २०२४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तुम्ही लिहायला लागलात त्या २०१३ सालच्या ज्या पानांचा नमुना त्यांनी घेतला, त्यातली ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यातली कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या उपयोगाची असणार. तुमचं पान काढताना ते जाणून-बुजून, वाचून काढलेलं असावं, एवढीच माझी कळकळ आहे.

काही पोस्ट अशा आहेत की शोधातून येणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, पण तुमच्या नेहमीच्या वाचकांना त्या प्रिय आहेत. जास्वंदीला पहिली कळी आली त्या दिवशीची पोस्ट घ्या. माहिती शून्य, पण खाली पस्तीस-चाळीस जणांनी आपापल्या पहिल्या फुलाबद्दल लिहिलंय. ब्लॉगवर अशी जागा असायलाच हवी. ती आहे तशी ठेवलीत तरी काही बिघडत नाही. अशा पोस्ट खूपच असतील आणि मनाला टोचत असेल, तर त्यांना नोइंडेक्स लावा. ब्लॉगवर राहतील, शोधात येणार नाहीत. फक्त त्याच वेळी रोबोट्स फाइलमधून, म्हणजे गूगलने कुठली पानं वाचू नयेत ते सांगणाऱ्या फाइलमधून, त्या अडवू नका. गूगलला पान वाचताच आलं नाही तर त्यावरची नोइंडेक्सची सूचना त्याला दिसणार कशी? आणि सर्च कन्सोलमधल्या काढून टाकण्याच्या सोयीवर विसंबू नका. ती पान सुमारे सहा महिने लपवते, इतकंच.

क्लिकचा आकडा बघताना हेही ध्यानात ठेवा की सर्च कन्सोलला फक्त गूगलच्या शोधातून आलेले वाचक दिसतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी, किंवा तुमच्याच दुसऱ्या पोस्टमधून लोक जिथे पोहोचतात ती पोस्ट तिथे मेलेली दिसेल. मातीच्या मिश्रणाची तुमची पोस्ट तशीच आहे. शोधात तिला कोणी विचारत नाही, पण तुम्ही वीसेक ठिकाणी तिचा दुवा दिलाय. ती उडवली असती तर वीस पोस्ट लंगड्या झाल्या असत्या.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला दोन पोस्ट पुष्कळ झाल्या. चुकीचं दुरुस्त करणं आधी, मग विलीनीकरण, मग वाचक घटलेल्या त्या पंधरा-वीस पोस्ट नव्याने लिहिणं. निव्वळ काढायच्या आहेत त्या एखाद्या रविवारी बसून संपवा. केलेला प्रत्येक बदल तारखेसह एका वहीत नोंदवा, नाहीतर तीन महिन्यांनी कशामुळे काय झालं ते कळणार नाही. परिणाम दिसायला काही महिने लागू शकतात, आणि वाचक पूर्वीइतके परत येतीलच अशी हमी मी देणार नाही. क्रॉल बजेट (साइटची पानं वाचायला गूगल देतं तेवढा वेळ) वाया जातं, म्हणून पोस्ट कमी कर, असंही तुमचा मित्र म्हणेल. ती चिंता लाखो पानांच्या किंवा रोज हजारो पानं बदलणाऱ्या साइटची आहे. ३१० पोस्टच्या ब्लॉगला तिचं काही नाही.

पिवळ्या पानांच्या पोस्ट एकत्र कराल तेव्हा चारही पोस्टखालच्या प्रतिक्रिया आधी उतरवून घ्या. २०१५च्या पोस्टखाली एका बाईंनी विचारलंय की कुंडी बदलल्यावर आठवड्याभरात पानं पिवळी पडली, हे कशाने? चारपैकी एकाही पोस्टमध्ये याचं उत्तर नाही. नव्या पोस्टमध्ये ते असू द्या.

— तुमची ताई